बोट लावलं की 'टक्' करून उघडणारा चाकू रोज खिशात ठेवायचाय? पेण-रोहेकरांनी ऑर्डर करण्याआधी हे वाचावं

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येतं. काळा हातमोजा घातलेला हात, त्यात काळाच चाकू. तर्जनी जराशी हलते, 'टक्' असा आवाज येतो आणि पातं बाहेर. मग त्याच पात्यानं कागद चिरला जातो, दोरी कापली जाते, प्लास्टिकची बाटली उभी फाडली जाते. खाली लिंक, किंमत पाचशे-सहाशे रुपये आणि सोबत एक शब्द, 'ईडीसी'. म्हणजे एव्हरी डे कॅरी. पाकीट, किल्ल्या, छोटी टॉर्च, तसा रोज खिशात बाळगायचा चाकू.

पार्सल पेणला काय किंवा रोह्याला काय, चार दिवसांत दारात येतं. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. हा चाकू खिशात घेऊन बाजारपेठेत फिरता येतं का? पोलिसांनी विचारलं तर काय सांगायचं? आणि कोकणच्या पावसात तो दुसऱ्या वर्षी उघडेल का?

या प्रकाराला इंग्रजीत 'असिस्टेड ओपनिंग' म्हणतात. मराठीत त्याला वेगळा शब्द रुळलेला नाही, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही सरसकट 'खटक्याचा चाकू' म्हणून मोकळे होतात. गोंधळाचं मूळ इथंच आहे.

तीन चाकू, तीन यंत्रणा

साध्या घडीच्या चाकूत पात्याला एक खाच असते. नख अडकवून किंवा अंगठ्यानं ढकलून पातं पूर्ण उघडावं लागतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ताकद आपलीच.

खटक्याच्या चाकूत मुठीवर बटण असतं. पातं आत घडी होऊन बसलेलं असलं, तरी स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलत असते. त्याला अडवून धरलेलं असतं एका खिट्टीनं. बटण दाबलं की खिट्टी सुटते आणि पातं उसळतं.

असिस्टेड चाकू या दोघांच्या मधला. त्याच्या मुठीवर बटण नसतं. पात्याच्याच मागच्या बाजूला एक छोटं टोक बाहेर आलेलं असतं, त्याला 'फ्लिपर' म्हणतात, किंवा पात्यावर एक बारीक खुंटी असते, ती 'थंब स्टड'. बोटानं ते ढकलायचं. सुरुवातीला पातं विरोध करतं, कारण स्प्रिंग त्याला बंद ठेवायच्या बाजूला ओढत असते. एक टप्पा ओलांडला की तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि उरलेलं अंतर पात्याला स्वतः ढकलते. बाइकचा साइड स्टँड आठवा. अर्ध्यापर्यंत पायानं रेटावा लागतो, मग तो स्वतःच 'खट्' करून जागेवर जातो. तंत्र साधारण तेच.

ही कल्पना तशी जुनी नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत काही कारागिरांनी ती जवळपास एकाच वेळी बाजारात आणली. हवाईमधले चाकू कारागीर केन ओनियन यांची 'स्पीडसेफ' ही यंत्रणा कर्शॉ कंपनीनं १९९८ च्या सुमारास आपल्या चाकूंत वापरली आणि तिथून हा प्रकार जगभर पोचला. त्याला तिथं एवढी मागणी आली त्यामागे कायदाही होता. अमेरिकेनं १९५८ मध्ये बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली होती. असिस्टेड चाकूला बटण नाही, म्हणून तो त्या बंदीतून निसटला. २००९ मध्ये तिथल्या संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून स्पष्टच केलं, की ज्या चाकूची स्प्रिंग पातं बंद ठेवायच्या बाजूनं काम करते आणि जो उघडायला हातानं जोर लावावा लागतो, तो या बंदीत येत नाही.

ब्रिटननं नेमकं उलट केलं. तिथल्या २०१९ च्या कायद्यानं व्याख्या इतकी रुंद केली की असिस्टेड चाकूही बंदी असलेल्या 'फ्लिक नाइफ'मध्ये जाऊन बसला. २०२१ पासून तो तिथं घरात नुसता ठेवणंही गुन्हा आहे. लंडनला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या कुणी तो बॅगेत टाकू नये, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

भारतात मात्र बटण आणि फ्लिपर यांतला हा फरक केंद्रीय कायद्यात कुठंच केलेला नाही. आणि लोकांच्या डोक्यात तर मुळीच नाही. आपल्याकडे 'टक्' असा आवाज आला की डोळ्यांसमोर येतो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी घरोघरी पोचवला. रामपूरनं तर २०२३ मध्ये भर चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याचं स्मारकच केलं. त्यामुळे नाक्यावर झडती घेणाऱ्या हवालदाराला 'साहेब, हा ऑटोमॅटिक नाही, असिस्टेड आहे, बघा बटण नाही' असं समजावणारा तरुण कितीही बरोबर असला, तरी हवालदाराला जे ऐकू आलंय ते ऐकू आलंय.

'नऊ इंचांच्या आत असला की चालतो' हे कितपत खरं?

सोशल मीडियावर या विषयाखाली एक वाक्य नेहमी सापडतं: पातं नऊ इंचांपेक्षा लहान असेल तर लायसन लागत नाही. हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर पात्याची लांबी ९ इंचांहून जास्त किंवा रुंदी २ इंचांहून जास्त असलेले चाकू, तलवारी, खंजीर वगैरे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशात मावणाऱ्या चाकूचं पातं साधारण ३ ते साडेतीन इंच. म्हणजे मापाच्या हिशेबानं तो फार खाली राहतो. इथपर्यंत ते वाक्य बरोबर.

पण त्याच कायद्याचं कलम ४ केंद्र सरकारला असा अधिकार देतं, की एखाद्या भागात ठरावीक प्रकारच्या शस्त्रांवर अधिसूचना काढून नियंत्रण आणता येतं. दिल्लीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीचे, बटणाचे आणि इतर कुठल्याही यांत्रिक युक्तीनं उघडणारे किंवा बंद होणारे चाकू आले. माप ठेवलं ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे फक्त ३ इंच लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. रोह्याहून दिल्लीला गेलेल्या माणसाच्या खिशातला साडेतीन इंची चाकू गावात मापाखाली असतो आणि दिल्लीत त्या अधिसूचनेच्या मापात बसतो.

आणि महाराष्ट्रात सर्वात जास्त कामाला येतं ते वेगळंच कलम. वर्तमानपत्रात चाकू सापडल्याची बातमी वाचली तर शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल. यातलं कलम ३७ (१) समजून घेणं पेण-रोहेकरांसाठी जास्त महत्त्वाचं.

या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी, किंवा आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्त, शांतता राखण्यासाठी ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढू शकतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, तलवारी, भाले, सोटे, काठ्या, चाकू आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी घालता येते. इथं नऊ इंच नाहीत, तीन इंच नाहीत, स्प्रिंग आहे की नाही हेही नाही. नुसता 'चाकू' आहे. आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायालयानं वेगळं कारण लेखी नोंदवलं नाही तर कैद चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही.

हे आदेश निघतात कधी? सण, उत्सव, निवडणुका, मोर्चे, आंदोलनं. बहुतेकदा पंधरा-पंधरा दिवसांचे आणि गरज पडली की एकामागून एक. पेणच्या बाबतीत यात एक मजेशीर विरोधाभास आहे. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांत कामाचा कळस असतो. पोती फाडायची, काथ्या कापायचा, सुतळी तोडायची, मूर्ती बांधून ट्रकमध्ये चढवायच्या. वर्षभरात हातात चाकू सर्वात जास्त असतो तो तेव्हा. आणि सणाच्या बंदोबस्तासाठी मनाई आदेश निघायचा हंगामही तोच. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला गर्दी उसळते तेव्हाही तसंच. कारखान्यात टेबलावर पडलेला चाकू हे अवजार असतं. तोच चाकू खिशात विसरून मिरवणुकीत गेला की त्याचा अर्थ बदलतो.

अजून एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पेण आणि रोहा हे रायगड पोलिसांच्या हद्दीत, मुख्यालय अलिबागला. पण पेणहून पनवेलला गेलं की नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द लागते. तिथले आदेश वेगळे, तारखा वेगळ्या. अलिबागहून आदेश नाही म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस दिवा-रोहा गाडीनं तासाभरात दुसऱ्या हद्दीत उतरलेला असतो.

ऑनलाइन मागवलं म्हणजे कायदेशीरच असणार, हा समजही काढून टाकायला हवा. २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंचा साठा पोलिसांनी जप्त केला होता आणि तो मागवणाऱ्यांपर्यंत ते पोचले होते. वेबसाइटवर विक्रीला आहे, याचा अर्थ तो बाळगायची परवानगी मिळाली असा होत नाही.

'सेफ्टीसाठी ठेवलाय' हे उत्तर का अंगाशी येतं

असा चाकू घेणाऱ्यांना कारण विचारलं तर निम्मे जण म्हणतील, स्वतःच्या संरक्षणासाठी. मुलींना पर्समध्ये चाकू ठेवायचा सल्ला देणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड तर दर काही महिन्यांनी फिरतात. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला वाईट आहे.

शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' कशाला म्हणायचं हे सांगताना कायदा दोन हेतू धरतो: हल्ला आणि बचाव. दोन्हींपैकी कशासाठीही हत्यार म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून बाहेर. आता पोलिसांसमोर कुणी 'सेफ्टीसाठी ठेवलाय साहेब' म्हणालं, तर त्याला वाटतं आपण आपली बाजू सांगितली. प्रत्यक्षात आपल्या खिशातली वस्तू अवजार नसून हत्यार आहे, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलेलं असतं.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो सविस्तर दिलाय. पण तो हक्क हल्ला झाल्यावर केलेल्या कृतीला संरक्षण देतो. मनाई आदेशाच्या काळात चाकू घेऊन फिरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. शिवाय झटापटीत चाकू काढायला शिकण्यासाठी वर्षं लागतात आणि तो हिसकावून घ्यायला एक क्षण पुरतो. अडचणीत ११२ नंबर आणि मोठा आवाज हे दोन्ही त्यापेक्षा उपयोगाचे.

मग इथं चाकू लागतो कुणाला?

कामाला लागतो, आणि बऱ्याच जणांना लागतो. पण प्रत्येकाला तो वेगळा लागतो, आणि असिस्टेड हा त्यातल्या फार थोड्यांना.

शेतात आणि रानात तर प्रश्नच नाही. कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता असताना खिशातल्या चाकूची गरज कातकरी वाडीतल्या माणसाला पडत नाही. फांदी, बांबू, शहाळं, सगळं कोयत्याचं काम. घडीचा चाकू कितीही महाग घेतला तरी फांदीवर मारायची वस्तू नव्हे. पात्याचा सांधा एका छोट्या पिनेवर उभा असतो, मारलेला प्रत्येक घाव त्या पिनेवर येतो.

गणपतीच्या कारखान्यात सुतळी, काथ्या आणि पोती कापायची असतात. हात मातीनं किंवा प्लास्टरनं भरलेले. ही दोन्ही स्प्रिंगची वैरीच. असिस्टेड चाकूत स्प्रिंग मुठीच्या आत एका अरुंद खोबणीत बसलेली असते. तिथं प्लास्टरची पूड आणि ओल एकत्र गेली की आठवड्याभरात 'टक्'चा 'टऽऽक' होतो. तिथं वीस-तीस रुपयांचा कटर आणि त्याची बदलती पाती हेच शहाणपणाचं. गेला तर गेला.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांसाठी उत्तर आणखी सोपं आहे. रासायनिक कारखान्यांच्या गेटवर लायटर, काडेपेटीसारख्या गोष्टी बाहेर ठेवायला लावतात, कारण आत ज्वलनशील पदार्थ असतात. खोकी आणि ड्रमची पॅकिंग कापायला लागणारं अवजार कंपनीनं दिलेलंच वापरायचं. घरून आणलेला घडीचा चाकू गेटवर दाखवावा लागला तर सुरक्षा अधिकाऱ्याशी होणारी चर्चा फार आनंदाची नसेल.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. तिथले गाइड चाकू जवळ ठेवतात हे पाहून पर्यटकांनाही तो घ्यावासा वाटतो. पण त्या कामाचा चाकू बहुधा घडीचा नसतोच. तो म्यानातला, एकसंध पात्याचा, टोक बोथट असलेला असतो. कारण त्याचं काम दोरात अडकलेल्या माणसाची दोरी कापणं हे आहे, आणि खळाळत्या पाण्यात टोकदार पातं रबरी राफ्टला आणि माणसाला दोघांनाही भोसकू शकतं. ओल्या, गार पडलेल्या बोटांनी फ्लिपर शोधत बसायला तिथं वेळ नसतो. पर्यटकानं जॅकेट आणि हेल्मेट नीट बांधलं तरी पुष्कळ झालं.

उरतात ती माणसं ज्यांना दिवसभरात चार-पाच वेळा काहीतरी कापावं लागतं: दुकानात पार्सल फोडणारे, वायरमन, नळजोडणीवाले, माळी, ट्रेकला जाणारे, प्रवासात फळं कापून खाणारे. घडीचा चाकू यांच्यासाठी. आणि असिस्टेडचा खरा फायदा त्यातल्याही फक्त त्यांना, ज्यांचा एक हात कायम गुंतलेला असतो. शिडीवर एका हातानं वायर धरून उभा असलेला माणूस, किंवा संधिवातामुळे नख खाचेत अडकवता येत नाही अशी व्यक्ती. बाकीच्यांना स्प्रिंगमुळे अर्धा सेकंद वाचतो आणि त्या बदल्यात लोकांच्या नजरेत चाकूचं रूप बदलतं. सौदा तोट्याचा आहे. अंगठ्याच्या खुंटीनं किंवा पात्यातल्या भोकात अंगठा घालून एका हातानं उघडणारे साधे, बिनस्प्रिंगचे चाकू सहज मिळतात आणि थोड्या सरावानं ते तितक्याच झटकन उघडतात.

घ्यायचाच तर काय बघायचं

पहिली गोष्ट लांबी. फळ, दोरी, खोकं, पॅकिंग यांपैकी कशालाही ७ सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं लागत नाही. ६ ते ७ सेंटिमीटरचं पातं खिशात नीट बसतं आणि दिल्लीच्या मापाच्याही खाली राहतं. दिसायला तो अवजारासारखाच असावा. कवटीचं चित्र, दोन्ही बाजूंनी धार, खंजिरासारखं टोक, वर 'टॅक्टिकल' असा शिक्का, हे सगळं विक्रीसाठी असतं आणि संशय वाढवायला उपयोगी पडतं. केशरी किंवा हिरव्या मुठीचा चाकू गवतात पडला तरी सापडतो, आणि तो बघून कुणी दचकत नाही.

दुसरं, लॉक. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये म्हणून असिस्टेड चाकूत लॉक असतंच. सर्वात जास्त आढळतं ते लायनर लॉक: मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. चाकू हातात आला की तो उघडून ही पट्टी पात्याला किती टेकते ते पाहावं. नुसत्या कडेला चिकटली असेल तर लॉक कधीही सुटेल. पुरी ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली असेल तर झीज आधीच झालीय. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाब द्यावा. पातं हललं किंवा मिटू लागलं तर परत पाठवावा.

असिस्टेडसाठी आणखी एक चाचणी आहे आणि ती सर्वात महत्त्वाची. बंद चाकू टोकाची बाजू जमिनीकडे, माणसांपासून लांब धरून दोन-तीन जोरदार झटके द्यायचे. पातं जरासुद्धा बाहेर डोकावलं तर तो खिशात ठेवू नये. स्प्रिंगची पकड ढिली असेल तर किल्ल्यांचा धक्कासुद्धा पात्याला 'तो टप्पा' ओलांडायला पुरतो, आणि मग तो चाकू खिशातच उघडतो, मांडीला लागून. चांगल्या चाकूंना यासाठी एक सरकणारी खिट्टी असते. ती नसलेला असिस्टेड चाकू घरात लहान मूल असेल तर घेऊच नये. साधा चाकू मुलाला उघडताना कष्ट पडतात. हा मात्र मुलाच्या एका बोटानंही उघडतो.

तिसरं म्हणजे स्टील, आणि इथं कोकणाला वेगळे नियम लागतात. रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, बाकीचे महिने दमट हवा, खाडीच्या बाजूला खारं वारं. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. स्टीलचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की स्टील गंजाला तोंड देतं असं मानतात, पण ते क्रोमियम मोकळं हवं. ऑनलाइन ज्याचं फार कौतुक होतं ते डी२ स्टील धार छान टिकवतं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं गेलेलं असतं, त्यामुळे जुलैत ओल्या खिशात राहिलं की ठिपके येतात. ८सीआर१३एमओव्ही हे स्वस्तातलं चिनी स्टील बरं, धार लवकर जाते पण घरच्या दगडावर लगेच परत येते. १४सी२८एन हे स्वीडिश स्टील मिळालं तर इथल्या हवेला उत्तम. धार साधी सरळ असावी. करवतीसारखी दातेरी धार दोरावर चांगली चालते, पण बोथट झाली की घरी लावता येत नाही.

मुठीचंही तसंच. फ्रान्सचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू जगभर लोकांचा आवडता आहे, साधा, स्वस्त आणि सुंदर. पण त्याची बीचच्या लाकडाची मूठ ओलीनं फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. मे महिन्यात लोण्यासारखा उघडणारा ओपिनेल ऑगस्टमध्ये दातांनी ओढावा लागतो. नायलॉन किंवा फायबरची मूठ दिसायला साधी, पण पावसात शहाणी.

नावाजलेल्या विदेशी ब्रँडचं नाव कोरलेला चाकू चारशे रुपयांत मिळत असेल तर तो नकलीच. नकलांमध्ये पात्याच्या स्टीलपेक्षाही लॉक आणि स्प्रिंग दगा देतात, म्हणजे नेमक्या त्या दोन गोष्टी ज्यांच्यावर बोटं अवलंबून असतात. तेवढ्याच पैशात बिनस्प्रिंगचा, बिनलॉकचा साधा घडीचा चाकू किंवा भाजीची सुरी आणि तिला पुठ्ठ्याचं म्यान, हे केव्हाही बरं.

बिल जपून ठेवावं. त्यानं गुन्हा टळत नाही, पण वस्तू काय म्हणून विकली गेली हे त्यावर असतं.

निगा

पावसाळ्यात असिस्टेड चाकू दर आठवड्याला उघडून कोमट पाण्यानं धुवावा, फडक्यानं पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. घरात खोबरेल तेल हाताशी असतं म्हणून तेच घातलं जातं. पात्यावर ते चालतं, फळ कापायच्या चाकूला तर उत्तमच. पण सांध्यात आणि स्प्रिंगजवळ ते काही महिन्यांत चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि यंत्रणा जड होते. स्क्रू काढून चाकू उघडायचा मोह टाळावा. साध्या चाकूत आत दोन वॉशर निघतात. असिस्टेडमध्ये ताणलेली स्प्रिंग असते, ती डोळ्याच्या दिशेनं उडू शकते आणि परत बसवताना बहुतेकांच्या हातून वाकते.

घरी, दुकानात, कामाच्या पिशवीत अवजारांसोबत ठेवलेला चाकू आणि खिशाला क्लिप लावून मिरवलेला चाकू यांत फरक आहे. वायरमनच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी यांच्या शेजारी पडलेला चाकू स्वतःच सांगतो की तो कशासाठी आहे. मिरवणूक, सभा, मतदान केंद्र, न्यायालय, शाळा, कॉलेज इथं जाताना तो घरी राहिलेला बरा, आदेश निघालेला असो वा नसो. आदेश निघाला की नाही हे स्थानिक वर्तमानपत्रांत येतं आणि पोलीस ठाण्यात फोन करून विचारताही येतं.

विमानतळावर निघालेल्यांनी घर सोडण्यापूर्वी लॅपटॉपच्या बॅगेचे सगळे कप्पे आणि किल्ल्यांचा जुडगा बघावा. चाकू केबिन बॅगेत नेता येत नाही, अगदी जुडग्यातला दोन इंची सुद्धा. चेक-इन होणाऱ्या बॅगेत गुंडाळून ठेवता येतो. पेणहून नवी मुंबईचा विमानतळ आता जवळ पडतो खरा, पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत चाकू सापडल्यावर तो परत घरी ठेवून येण्याइतका जवळ नाही.